पणजोबांचा गुन्हा तरी आम्हाला वाचू द्या

लष्कराच्या जुन्या नोंदी ज्यांच्या ताब्यात आहेत ते सर्व अधिकारी, राज्याच्या अभिलेखांची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी, आणि आमच्या गावच्या स्मारक समितीचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पहिल्या महायुद्धाच्या जुन्या पाटीजवळ काळ्या ग्रॅनाइटचा नवा स्तंभ उभा राहतो आहे. लढाईवर गेलेल्या प्रत्येकाचं नाव त्यावर कोरायचं, असं ठरलं. त्याचा आनंद मला इतर कोणाहूनही कमी झाला नाही. पण त्या यादीतून माझ्या पणजोबांचं नाव काढून टाकलं आहे. समितीने कारण दिलं ते असं की ते पलटणीतून पळाले, पकडले गेले आणि तुरुंगात गेले. खातरजमा करण्यासाठी मी ज्या अभिलेख कार्यालयाला लिहिलं, तिथून तीन ओळींचं उत्तर आलं: नोंद उपलब्ध नाही, संबंधित व्यक्ती पेन्शनधारक नव्हती, सबब पत्रव्यवहार बंद करण्यात येत आहे.

म्हणजे एका दाराशी त्यांचा गुन्हा इतका पक्का आहे की दगडावरून नाव जातं, आणि दुसऱ्या दाराशी त्या गुन्ह्याचा एकही कागद नाही. ही गोष्ट मला मुकाट्याने मान्य करता येत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करते. पणजोबा निर्दोष होते असा माझा दावा नाही. ते पलटणीत परत गेले नाहीत, हे आमच्या घरात कोणीच कधी नाकारलं नाही. मला पेन्शन नको, जमीन नको, पदक नको, वारसाचं प्रमाणपत्रही नको. त्यांच्यावर आरोप काय ठेवला, त्यांनी काय उत्तर दिलं, कोणी काय साक्ष दिली आणि शिक्षा किती झाली, हे लिहिलेला कागद मला वाचायचा आहे.

जे ठाऊक आहे ते सांगते. पणजोबा 1915 च्या सुमारास मराठा पलटणीत भरती झाले. तेव्हा शिपायाचा पगार महिना 11 रुपये. कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या घरात दर महिन्याला रोख पैसा येणं ही किती मोठी गोष्ट होती, हे सातारच्या माणसाला सांगायला नको. तिकडे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी कूत-अल-अमारामध्ये वेढल्या गेल्या. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं आणि कैद झालेल्या शिपायांची वाळवंटातून फरफट झाली. त्या रिकाम्या झालेल्या जागा भरायला गावोगावची नवी पोरं बसऱ्याकडे पाठवली गेली. पणजोबा त्यांतले. त्यांनी तिथून लेखनिकाकडून लिहून घेतलेलं एक मोडी पत्र आमच्या ट्रंकेत अजून आहे. त्यात ताप येऊन गेल्याचं, पैसे मिळाले का याचं आणि बैलाच्या खुराचं विचारलं आहे. लढाईबद्दल एक अक्षर नाही.

पुढे त्याच तापाने त्यांना परत आणलं. काही दिवस इस्पितळ, मग डेपो, मग थोड्या दिवसांची रजा, आणि रजेनंतर पुन्हा बसऱ्याची बोट. 1918 च्या पावसाळ्यानंतर ते गावी पोचले तेव्हा मानमोडी घरोघरी शिरली होती. ज्याला जग स्पॅनिश फ्लू म्हणतं त्याला आमच्याकडे मानमोडी म्हणायचे. त्या साथीत एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. माणसं मरत होती आणि शेतात काढायला पीक नव्हतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, मी पाहिलं आहे. 1918 च्या ऑक्टोबरची पानं मोडीतल्या नोंदींनी गच्च भरली आहेत. एरवी ज्या पानावर अख्ख्या महिन्याच्या नोंदी मावतात तिथे दोन-तीन दिवसही मावलेले नाहीत. मृत्यूचं कारण जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच, ताप. त्या ओळींत पणजोबांची आई आहे, धाकटा भाऊ आहे आणि त्यांची तान्ही मुलगी आहे. नावापुढे वय लिहायच्या रकान्यात मुलीचं वय महिन्यांत लिहिलं आहे. पणजी स्वतः अंथरुणाला खिळलेली होती. सहा वर्षांचे माझे आजोबा तेवढे चालतेफिरते होते.

रजा संपली आणि पणजोबा गेले नाहीत. आजोबा मरेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिले: रजा वाढवून मिळावी असा अर्ज त्यांच्या वडिलांनी पाटलांकडून लिहून घेतला होता आणि तो टपालात टाकला होता. आजोबा त्यांच्या बोटाला धरून टपालपेटीपर्यंत गेले होते. पुढे काही महिन्यांनी शिपाई आले आणि पणजोबांना घेऊन गेले. तोवर तुर्कस्तानशी 30 ऑक्टोबरला आणि जर्मनीशी 11 नोव्हेंबरला युद्धबंदी झालेली होती. ते परत आले तेव्हा केस पांढरे झाले होते आणि हाताला खडी फोडण्याचे घट्टे होते. पुण्याच्या तुरुंगात होते, एवढंच घरात सांगितलं जायचं. किती महिने, कोणत्या कलमाखाली, ते कोणालाच माहीत नाही. पेन्शनर मंडळी चावडीत बसायची तिथे ते उरलेल्या आयुष्यात कधी बसले नाहीत.

सगळा प्रश्न त्या अर्जाचा आहे. तो पोचला का? पोचला असेल तर नाकारला का? नाकारल्याचं गावात कोणी कळवलं का? ज्याला पळून जायचं आहे तो रजा वाढवून मागत नाही आणि स्वतःच्या घरीही बसून राहत नाही. लष्करी कायदाही नेमकं हेच विचारतो. रजेवाचून गैरहजर राहणं हा एक गुन्हा, आणि परत न येण्याच्या इराद्याने पलटण सोडणं हा दुसरा, फार मोठा. 1911 च्या इंडियन आर्मी ॲक्टमध्ये या दुसऱ्या गुन्ह्याला देहदंडापर्यंत शिक्षा होती. दोहोंमधला फरक इराद्याचा. माणसाचा इरादा काय होता हे शंभर वर्षांनी कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खटल्याचे कागद.

खटला कसा चालला असेल याचाही अंदाज करता येतो. हिंदी शिपायांसाठी समरी कोर्ट मार्शल नावाची खास पद्धत होती. कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. आणखी दोन अधिकारी हजर राहतात, पण निकालात त्यांचं मत धरत नाहीत. एक वर्षापर्यंतचा तुरुंगवास आणि बडतर्फी एवढी शिक्षा हा एक माणूस एका बैठकीत देऊ शकतो, आणि तिला वरच्या मंजुरीची गरज नसते. ही पद्धत 1950 च्या आर्मी ॲक्टमध्येही तशीच ठेवली आहे. फटक्यांचंही असंच. गोऱ्या सैनिकाला फटके मारणं 1881 मध्ये बंद झालं, हिंदी शिपायाला ते 1920 पर्यंत मारता येत होते. पणजोबांना मारले का, मला माहीत नाही. माहीत करून घेण्याचा मला हक्क आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार नियमाबद्दल आहे, कोणा एका कारकुनाबद्दल नाही. ज्याला पेन्शन मिळालेली नाही अशा सैनिकाची सेवेची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करायची, असा सैन्याच्या नियमावलीत परिच्छेद 595 आहे. याचा अर्थ नीट पाहा. पेन्शन कोणाला मिळत नाही? जो कमी वर्षं राहिला त्याला, जो युद्ध संपताच घरी पाठवला गेला त्याला, ज्याला बडतर्फ केलं त्याला. म्हणजे ज्या माणसावर राज्याने सर्वांत कठोर हात उगारला, त्याचेच कागद सर्वांत आधी जाळायचे. शिक्षेचा डाग पिढ्यान्पिढ्या राहतो आणि शिक्षा का दिली ते मात्र 25 वर्षांत संपतं. हिशेबाच्या सोयीसाठी केलेल्या नियमाने इतिहासाचा निकाल लावला आहे. शिवाय शीट रोल, म्हणजे एकेका शिपायाच्या सेवेची मूळ नोंद, नष्ट झाला तरी लाँग रोल नावाच्या जाड रजिस्टरात प्रत्येक शिपायाची एक ओळ राहते, हे माजी सैनिकांच्या खटल्यांमध्ये अभिलेख कार्यालयांनीच वेळोवेळी सांगितलं आहे. ती एक ओळ पाहिली का, असं मी विचारलं. त्या प्रश्नाला उत्तरच आलं नाही.

दुसरी गोष्ट अशी की आम्हाला विचारलं जातं: पलटण नंबर सांगा, शिपाई नंबर सांगा, मग शोधू. नंबर आमच्याकडे असता तर आम्ही कशाला विचारलं असतं? 1922 मध्ये तर पलटणींचे नंबरच बदलले. 103 ची पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी, आणि 114 ही बेळगावची प्रशिक्षण बटालियन झाली. नव्वदीतल्या आत्याला यातला कोणता नंबर आठवावा? त्या काळच्या याद्यांत आडनावही नसतं. अमुक वल्द तमुक, मौजे अमुक, तालुका अमुक, इतकंच. पण शीट रोलमध्ये गाव आणि तालुका लिहिलेला असतो. गावाच्या नावाने सूची केली तर आमच्यासारख्या हजारो घरांचं काम होईल. सैनिक आपल्या गावाच्या नावानेच ओळखला जात होता. त्याला नंबराने शोधण्याचा हट्ट का?

मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. उत्तर आलं की ही त्रयस्थाची वैयक्तिक माहिती आहे. पणजोबांचं खासगीपण त्यांच्या पणतीपासून, त्यांना जाऊन इतकी दशकं उलटल्यावर, कोण कोणासाठी राखत आहे? 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(3) स्पष्ट आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून अधिक जुन्या घटनेची माहिती द्यायचीच. अपवाद तीन: देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद. त्यांत 1918 मधला सातारचा एक शिपाई बसत नाही. पहिल्या कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. माहिती दुसऱ्याकडे असेल तर अर्ज आपणच पाच दिवसांत तिकडे पाठवायचा, असं त्याच कायद्याचं कलम 6(3) सांगतं. हा नियम पाळणारं कार्यालय मला भेटलं नाही. तुरुंगाच्या जुन्या रजिस्टरांबद्दल विचारलं तेव्हा 'लष्कराला विचारा' म्हणाले, लष्करी नोंदीवाले 'तुरुंगाला विचारा' म्हणाले. मी शिक्षिका होते. विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पुन्हा बसवून अभ्यास करायला लावलं असतं.

सगळ्यात मोठी तक्रार पुढची आहे, आणि ती माझ्या एकटीची नाही. पंजाबच्या शिपायांची रजिस्टरं युद्धानंतर लाहोरला जपून ठेवली होती. तीन लाखांहून अधिक नावं, गाववार. लाहोरच्या संग्रहालयातली ती रजिस्टरं ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा मंडळींनी आणि ग्रीनिच विद्यापीठाने डिजिटल केली आणि 2021 पासून ती लोकांसमोर ठेवायला सुरुवात झाली. आज लंडनमध्ये किंवा जालंधरमध्ये बसलेला माणूस आपल्या गावाचं नाव टाकून पणजोबा शोधू शकतो. मुंबई इलाख्याचं काय? सातारच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून 46 जण त्या युद्धात कामी आले, फौजी आंबवड्याच्या नावातच फौज आहे, कोकणातल्या आणि माणदेशातल्या कोणत्याही गावात विचारलं तर कोणाचा तरी पणजोबा 'बसऱ्याला' गेलेला निघतो. 111 व्या महार पलटणीचं तर दुःख निराळंच. महारांची लष्करभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्जांमागून अर्ज केले. शेवटी 1917 मध्ये युद्धाला माणसं कमी पडली तेव्हा ही पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडूनही टाकली. त्या शिपायांची नावं कोणाच्या घरी विचारायची? खेचरं हाकणारे, पाणी भरणारे, झाडू मारणारे, जखमींच्या डोल्या उचलणारे यांचं तर नावही निघत नाही. इलाख्याच्या तुरुंगांतून कैदी काढून मजूर म्हणून मेसोपोटेमियाला पाठवले होते, त्यांची आठवण कोणत्या गावात आहे? एवढ्या सगळ्या माणसांसाठी आपल्याकडे एकही उघडी सूची नाही.

जे मेले त्यांचीही परवड झाली, हे विसरता येत नाही. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं घातली, पण साध्या शिपायांचा फक्त आकडा. 2021 मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आफ्रिकेतल्या व आशियातल्या मृत सैनिकांना समान वागणूक दिली नाही याबद्दल माफी मागितली. परक्यांनी शंभर वर्षांनी का होईना चूक कबूल केली. आपल्या माणसांनी आपल्याच शिपायांच्या बाबतीत तसं करायला काय अडचण आहे?

पळालेल्यांच्या बाबतीतही जगाने विचार केला आहे. ब्रिटनने 2006 च्या सशस्त्र दल कायद्यात कलम 359 घालून पहिल्या महायुद्धात पलायन, भित्रेपणा, पहाऱ्यावर झोपणं अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या सैनिकांना माफी दिली. त्या कलमात आपला 1911 चा इंडियन आर्मी ॲक्ट नावानिशी घातला आहे, म्हणजे हिंदी शिपायांनाही ती लागू आहे. पण ती फक्त ज्यांना मारलं त्यांना. ज्यांना तुरुंगात टाकलं आणि जे जिवंत परत आले त्यांना त्या कायद्यात जागा नाही, आणि इथे भारतात तर कोणाला ती लागू पडते याची यादीसुद्धा कोणी लोकांपुढे ठेवलेली नाही. आयर्लंडने 2013 मध्ये कायदा करून दुसऱ्या महायुद्धात आपली पलटण सोडून हिटलरविरुद्ध लढायला गेलेल्या सुमारे पाच हजार सैनिकांना माफी दिली. 1945 मध्ये त्याच सैनिकांची सरकारी नोकरीची वाट सात वर्षांसाठी बंद केली होती. जर्मनीच्या संसदेने 2002 मध्ये नाझी काळातल्या पळालेल्या सैनिकांच्या शिक्षा रद्द केल्या. हे देश आपल्या सैन्याचा मान कमी करत नव्हते.  मी आज माफी मागत नाही, कारण माफी द्यायची की नाही हे कागद वाचल्याशिवाय कोणी ठरवू नये. मीसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, इतके जुने कागद शोधायचे कोणी? वाचायचे कोणी? याचं उत्तर आपल्याच राज्याने नुकतंच दिलं आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला सगळी यंत्रणा कामाला लागली. गाव नमुना 14 तपासले, पोलिसांची गोपनीय रजिस्टरं तपासली, कारागृहांची कच्च्या कैद्यांची रजिस्टरं तपासली, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांचे दस्त तपासले. मोडी वाचणारे बसवले आणि 50 लाखांहून अधिक नोंदी सापडल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं काहीही मत असो, एक गोष्ट सिद्ध झाली: राज्याला हवं असेल तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडतं, उघडतं आणि वाचलंही जातं. त्याच खोल्यांमध्ये, त्याच कपाटांत आमच्या शिपायांचे कागद असू शकतात. संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये जुन्या युद्धनोंदी साधारण 25 वर्षांनी खुल्या करण्याचं धोरण जाहीर केलं, त्याचं मी स्वागतच करते. पण त्यात युद्धडायऱ्या आणि मोहिमांचे कागद आहेत. एकट्या शिपायाच्या वाट्याचा कागद त्यात कुठे बसतो, हे कोणी सांगत नाही.

आता दोन शब्द आमच्या गावच्या समितीला. तुम्ही सगळे माझ्या ओळखीचे आहात, काही जण माझ्या हाताखाली शिकलेले आहात. तुमच्यावर माझा राग नाही. पण जुन्या पाटीवर इंग्रजांनी काय लिहिलं ते पुन्हा एकदा वाचा. या गावातून इतके जण 'गेले' असा आकडा लिहिला आहे. 'शेवटपर्यंत राहिले' असं नाही. तो आकडा भरतीच्या यादीवरून घातला असेल तर माझे पणजोबा त्या आकड्यात आहेतच. तुमच्या नव्या यादीतली नावं मोजा, ती जुन्या आकड्याहून कमी भरतात. उरलेली माणसं कोण, हे विचारल्याशिवाय दगड कोरू नका. नाव घालायला तुम्ही सेवेचं प्रमाणपत्र मागता, पण ज्यांची प्रमाणपत्रं मिळाली नाहीत ते सगळे पळालेले नव्हते. कोणी निपुत्रिक गेला, कोणाचं घर गाव सोडून मुंबईला गिरणीत गेलं, कोणाच्या झोपडीत कागद ठेवायला ट्रंक नव्हती. प्रमाणपत्राची अट ठेवाल तर सधन घरांची नावं दगडावर राहतील आणि गरिबांची जातील. पणजोबांच्या नावापुढे 'पुढे शिक्षा झाली' असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा, मी हरकत घेणार नाही. कागद पाहून लिहा, एवढंच म्हणणं आहे. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवताना ते इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मी मनापासून हात जोडते. शौर्याचा मान राखण्यासाठी दुसऱ्या कोणाचं नाव पुसावं लागत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. स्मारकाचं कोरीवकाम नावांची यादी पुरी होईपर्यंत थांबवावं, आणि प्रमाणपत्राची अट काढून गाव नमुना 14, जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, वृद्धांच्या साक्षी हा पुरावा ग्राह्य धरावा.

2. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांची कागदपत्रं नष्ट करण्याचा नियम 1947 पूर्वीच्या सर्व नोंदींपुरता ताबडतोब स्थगित करावा. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली तज्ज्ञांकडून तपासणी झाल्याखेरीज त्यातला एकही कागद नष्ट करू नये. जे आधीच नष्ट झालं त्याची यादी, तारखेसह, जाहीर करावी. माझ्या पणजोबांचा कागद जाळला असेल तर तसं लेखी सांगा, ते मी स्वीकारेन. 'उपलब्ध नाही' हे उत्तर मी स्वीकारणार नाही.

3. लाँग रोल, भरतीची रजिस्टरं, समरी कोर्ट मार्शलची कार्यवाही आणि फरारी घोषित केलेल्यांच्या याद्या, 1914 ते 1921 या काळातल्या, जिथे असतील तिथून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवाव्यात आणि गाव-तालुक्याच्या नावाने त्यांची सूची करावी. सूचीत शिक्षा झालेले, बडतर्फ झालेले, मजूर आणि खेचरवाले वगळू नयेत.

4. राज्य सरकारने कारागृहांची 1914 ते 1921 ची जुनी रजिस्टरं मोडी वाचकांकडून वाचून घ्यावीत. ही माणसं 2023 मध्ये तयार झालेली आहेत, त्यांना पुन्हा बोलवा.

5. वारस चौकशी करतो तेव्हा त्याच्याकडून शिपाई नंबर मागू नये. गाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे साल यांवर शोध घ्यावा आणि काय शोधलं, कुठे शोधलं ते उत्तरात लिहावं.

6. माझ्या अर्जाबाबत: रजा वाढवून मागणारा कागद 1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात डेपोला पोचल्याची आवक नोंद आहे की नाही, हे मला कळवावं. आजोबा सहा वर्षांचे होते आणि त्यांच्या सांगण्याखेरीज दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. आवक-जावक रजिस्टर तुमच्याकडे आहे. या एका प्रश्नाचं उत्तर 'होय', 'नाही' किंवा 'रजिस्टर नष्ट झालं' यांपैकी एक असं द्यावं.

हे पत्र मी माझ्या तालुक्यातल्या सर्व ग्रामपंचायतींना आणि माजी सैनिक संघटनांना पाठवत आहे. ज्या घरांत असाच एखादा माणूस आहे, ज्याच्याबद्दल आवाज खाली करून बोललं जातं, त्या घरांनीही आपापला अर्ज करावा, अशी विनंती आहे. अर्ज लिहिण्यात अडचण आली तर मी मदत करेन.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका